हँडल बदलले, हातांचे काय?

तास-दीड तास सायकल चालवल्यावर करंगळीला मुंग्या येऊ लागल्या, की बरेच जण आधी हातमोजे बदलतात, मग ग्रिप बदलतात आणि शेवटी हँडलच बदलायचे ठरवतात. १९८०-९०च्या दशकांतल्या, पुढे सस्पेन्शन नसलेल्या पोलादी माउंटन बाइकला रेसर सायकलसारखे खाली वळलेले हँडल, म्हणजे ड्रॉप बार, बसवण्याची हौस अनेक देशांत आहे. सांगाडा दणकट असतो, जाड टायरला भरपूर जागा असते आणि जुनी सायकल हाताशी असेल तर नव्या ग्रॅव्हल बाइकचा खर्च वाचतो. हौस चांगलीच आहे. पण हँडलबरोबर बसण्याची ढबही बदलते, आणि त्याचा परिणाम मनगट, मान आणि कंबर या तिघांवर होतो.

करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू यांची संवेदना अल्नार नावाच्या मज्जातंतूकडे असते. मनगटापाशी, तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने तो एका अरुंद वाटेतून जातो. नेमक्या याच जागी शरीराचा भार हँडलवर टेकतो. सरळ हँडलवर तळवे जमिनीकडे असतात आणि तासन् तास पकड एकच राहते. ड्रॉप बारवर हात ठेवायला निदान तीन जागा मिळतात: वरचा सरळ भाग, ब्रेकच्या लिव्हरचे रबरी टोक आणि खालचे वळण. लिव्हरवर हात ठेवले की तळवे समोरासमोर येतात, हस्तांदोलन करताना येतात तसे. त्यामुळे हाताला पीळ कमी बसतो. खरा फायदा मात्र जागा बदलत राहण्याचा आहे. ज्याला हात एकाच ठिकाणी ठेवून बसायची सवय आहे, त्याला वळणदार हँडलही वाचवणार नाही. अमेरिकेत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चार दिवसांत ६०० किलोमीटर सायकल चालवणाऱ्या २५ जणांचे हात तपासले होते. त्यांत रोड बाइकवालेही होते आणि माउंटन बाइकवालेही. २३ जणांच्या हातांत बधिरपणा, अशक्तपणा किंवा दोन्ही आढळले.

दुसरा फायदा वाऱ्याचा. सपाट रस्त्यावर वेग वाढला की बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते, आणि ही ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० वरून २५ किलोमीटरवर जायचे, तर हवेसाठी लागणारी ताकद जवळजवळ दुप्पट होते. कोपरे वाकवून छाती थोडी खाली नेली तर समोरच्या वाऱ्यात फरक लगेच जाणवतो. बाजारहाटाच्या दोन किलोमीटरसाठी मात्र हा खटाटोप कशाला?

ही कल्पना आजची नाही. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीच्या डोंगरांत माउंटन बाइक घडत होती, तेव्हाच चार्ली कनिंगहॅम आपल्या ॲल्युमिनियमच्या सायकलींना ड्रॉप बार लावत होता. १९८७ची ब्रिजस्टोन एमबी-१ कारखान्यातूनच असे हँडल लावून आली. १९९०च्या मोसमात जॉन टोमॅक डोंगरी शर्यतींत ड्रॉप बारवर उतरला, कारण तो रस्त्यावरच्या शर्यतीही खेळत होता आणि दोन्हीकडे शरीराची ठेवण एकसारखी राहावी, हा हेतू होता. मातीच्या वाटांसाठीचे ते बार खाली बाहेरच्या बाजूला फाकलेले असत आणि बरेच उंच बसवले जात, म्हणजे खालच्या वळणावर हात ठेवूनही पाठ फार वाकत नसे. आज हौसेने केलेल्या कित्येक बदलांत ही उंचीच विसरली जाते.

गफलत होते ती अंतरात. सरळ हँडलवर हात जवळपास स्टेमच्या रेषेत असतात. ड्रॉप बारच्या लिव्हरवर ते सहज दहा सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त पुढे जातात. त्यात जुन्या माउंटन बाइकचा आडवा दांडा लांब, स्टेमही लांब. परिणामी स्वार ताणला जातो, कोपरे ताठ होतात, समोर पाहण्यासाठी मान मागे मोडावी लागते आणि हातांवरचा भार उलट वाढतो. करंगळीसाठी केलेला उपाय करंगळीवरच उलटतो. म्हणून आखूड आणि उंच स्टेम हवा, आणि सांगाडा नेहमीच्यापेक्षा एक माप लहान असेल तर उत्तम. सीट पुढे सरकवून अंतर भागवू नये. सीटची जागा गुडघा आणि पेडल यांच्या हिशेबाने ठरते.

स्टेम उंच करताना त्याच्या नळीवरची कमाल उंचीची खूण सांगाड्याबाहेर दिसता कामा नये. मापेही जुळायला हवीत. माउंटन बाइकच्या जुन्या स्टेमची पकड २५.४ मिलिमीटरची, तर रोड हँडल बऱ्याचदा २६ किंवा ३१.८ चे. पत्र्याचा तुकडा कोंबून नट आवळण्याचा जुगाड ऐन उतारावर दगा देऊ शकतो. जुने ब्रेक लिव्हरही चालत नाहीत, कारण त्यांची कडी २२.२ मिलिमीटरच्या नळीसाठी असते आणि ड्रॉप बारची नळी २३.८ ची.

ब्रेकच्या बाबतीत जुनी सायकल भाग्यवान. तिचे कँटिलिव्हर ब्रेक साध्या रोड लिव्हरवर बहुधा नीट चालतात. १९९६च्या सुमारास आलेल्या व्ही-ब्रेकचे तसे नाही. त्यांना जवळजवळ दुप्पट केबल ओढावी लागते. साध्या रोड लिव्हरवर ते बसवले तर ब्रेकचे रबर रिमला अगदी चिकटवून ठेवावे लागते. रबर थोडे झिजले की लिव्हर हँडलला टेकतो आणि सायकल थांबत नाही. व्ही-ब्रेकसाठीचे वेगळे ड्रॉप बार लिव्हर मिळतात, तेच घ्यावेत. काटकसर करायचीच तर गियरमध्ये करावी: दांड्यावरचे किंवा हँडलच्या टोकाचे, टकटक न करणारे साधे गियर लिव्हर स्वस्तात काम भागवतात.

बदल झाल्यावर पहिले काही दिवस अर्धा-पाऊण तासच चालवावी आणि स्टेमची उंची थोडी थोडी बदलून पाहावी. उतरल्यावर काही मिनिटांत बधिरपणा गेला तर बसण्याच्या ढबीत अजून दुरुस्ती हवी इतकेच. तो दुसऱ्या दिवशीही राहिला, शर्टाची बटणे लावताना बोटे चाचपडू लागली किंवा अंगठा आणि तर्जनीच्या कडेत धरलेला कागद सहज निसटू लागला, तर सायकल भिंतीला टेकवून डॉक्टर गाठावा.