तिरसट कुमारिका आणि नको असलेला मित्र

२०१५ साली हिंदीचा साज लेवून 'फेरिहा' आपल्या दिवाणखान्यांत अवतरली, तेव्हापासून तुर्की मालिकांची ओळख आपल्या गृहिणींना निराळी करून द्यायला नको. तिकडे त्यांचा एकेक भाग दोन-दोन तास चालतो म्हणे! श्रीमंत वाडे, सूड, पळवापळवी, सारे काही त्यांत असते. 'आश्क-इ मेम्नू' (२००८ ते २०१०) या गाजलेल्या मालिकेत तर घरची तरुण मालकीण नवऱ्याच्या आप्तावरच भाळते. ते चालले. मात्र पुरुषावर जीव जडलेला पुरुष या वाड्यांत सहसा सापडायचा नाही.

तसा तुर्कस्तानात हा कायद्याने गुन्हा नव्हे. ऑटोमन अमदानीत, १८५८ सालीच, ती शिक्षा निघाली. आणि स्त्रीवेषातला पुरुष तर घरोघरी परिचयाचा! सेयफी दुर्सुनोलू हे गृहस्थ मूळचे त्राब्झोनचे. विमा खात्यातली नोकरी सोडून ते रंगमंचावर आले ते 'हुयसूझ विर्झिन', म्हणजे 'तिरसट कुमारिका', होऊन. सोनेरी केसांचा टोप, झगमगता झगा आणि जिभेला सुरीची धार. समोरच्या प्रेक्षकाची ती अशी काही फिरकी घेई, की आजीबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसाव्यात. पुढे मात्र वारे फिरले. २००७ च्या सुमारास दूरचित्रवाणीवर या वेषाला अडकाठी झाली, असे दुर्सुनोलू सांगत. मग ते पुरुषी पोशाखात दिसू लागले.

खरे तर हसवणाऱ्याकडे तरी डोळेझाक होत असे. ज्याच्यासाठी प्रेक्षकाने डोळे पुसावेत, असे समलिंगी पात्र आले की मामला बिघडे. २०१९ पासून इंटरनेटवरच्या मालिकाही सरकारी प्रसारण मंडळाच्या परवान्याखाली आल्या. २०२० च्या एप्रिलमध्ये 'आश्क १०१' येण्यापूर्वी नुसती कुजबुज झाली, की तीतला एक मुलगा 'तसा' आहे. तेवढ्यावर गहजब उडाला आणि नेटफ्लिक्सला खुलासा करावा लागला, असे कोणी नाही!

त्याच वर्षी जुलैत 'आश्क-इ मेम्नू'च्या एक लेखिका एजे योरेंच यांची नवी मालिका चित्रीकरणाच्या उंबरठ्यावरच थांबली. संसाराला विटलेल्या बाईला मागल्या काळात जाऊन पुन्हा निवड करता येते, अशी ती कथा. तीत एक समलिंगी पात्र होते, म्हणून परवानगी मिळाली नाही, असे योरेंच यांनी उघड सांगितले. पात्र गाळून मालिका काढता आली असती; कंपनीने मालिकाच सोडली. आमच्या मते, गाळण्यापेक्षा ते बरे.

त्याच महिन्याच्या १७ तारखेला दुर्सुनोलू वारले. आपली मिळकत त्यांनी शिक्षणाला मदत करणाऱ्या एका संस्थेच्या नावे केली होती. योरेंच यांची कथा मात्र वाया गेली नाही. २०२२ साली ती पडद्यावर आली, स्पॅनिश भाषेत, स्पेनमध्ये चित्रित होऊन.