फोर्टमधील ध्वनिमुद्रणगृह आणि जपलेले स्वर

मुंबईच्या फोर्ट विभागात सर फिरोजशहा मेहता मार्गावर युनिव्हर्सल इन्शुरन्स बिल्डिंग नावाची कचेऱ्यांची इमारत आहे. १९६० च्या दशकात या इमारतीत ग्रामोफोन कंपनीचे, म्हणजेच ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चे, मुंबईतील ध्वनिमुद्रणगृह होते. कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचे चित्र ज्या तबकड्यांवर असे, त्याच या कंपनीच्या. खाली कचेऱ्या, वर ध्वनिमुद्रणगृह आणि बाहेर टॅक्सींची अखंड वर्दळ, अशी ही जागा होती. बाहेरचा आवाज आत येऊ नये यासाठी भिंतींना जे अस्तर हवे, त्याचीही तेथे वाणच होती. तरीही हिंदुस्थानी संगीताच्या इतिहासात या कंपनीच्या मुंबईतील कार्याचे मोल फार मोठे आहे. ते ध्यानी येण्यासाठी ध्वनिमुद्रणाच्या तंत्राची थोडी ओळख करून घेणे आवश्यक आहे.

मेणाची तबकडी, लाखेची तबकडी

भारतात तबकडीवरील ध्वनिमुद्रण सुरू झाले ते १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचे फ्रेडरिक गेझबर्ग त्या वेळी कलकत्त्यास आले व त्यांनी गोहरजान आदी कलावंतांचे गाणे मुद्रित केले. तेव्हा ध्वनिग्राहक, म्हणजे मायक्रोफोन, नव्हता. गायकाने कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन मोठ्याने गावयाचे, त्या आवाजाने एक पातळ पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर नागमोडी रेघ कोरीत जाई. या मेणावरून धातूचा साचा करीत व साच्यावरून लाखमिश्रित तबकड्या दाबून काढीत. आरंभी हे साचे जर्मनीतील हॅनोव्हर येथे जात. तेथील कामगारांना गायकाचे नाव कळावे म्हणून गाणे संपताच कलावंत आपले नाव उच्चारी. जुन्या तबकड्यांच्या अखेरीस ऐकू येणाऱ्या त्या घोषणेचा उगम हा असा व्यवहारातला आहे. १९०८ मध्ये कलकत्त्यास कारखाना निघाल्यावर परदेशी जाण्याची ही गरज संपली. १९२५ नंतर विजेवर चालणारा ध्वनिग्राहक आला आणि हळुवार आवाजही तबकडीवर उतरू लागला.

वेळेची अडचण मात्र कायम राहिली. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. ज्या गायकाला राग उलगडण्यास तासभरही अपुरा पडे, त्याने आलाप, बोल, ताना हे सारे एवढ्यात बसवावयाचे! गाता गाता चूक झाली, तर मेण खरवडून पुन्हा प्रारंभ. अनेक बुजुर्ग उस्तादांनी यंत्राकडे पाठ फिरविली. यंत्रापुढे गायल्याने आवाज जातो, घराण्याची विद्या चोरीस जाते, अशा समजुती त्या काळी सर्रास होत्या. याची किंमत पुढील पिढ्यांना मोजावी लागली. कोल्हापूर दरबारचे उस्ताद अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत हयात होते. पण त्यांचे गाणे आज कोठेही ऐकावयास मिळत नाही. १९२२ मध्ये निवर्तलेल्या भास्करबुवा बखल्यांविषयीही तेच म्हणावे लागते. ज्यांनी अर्धा महाराष्ट्र गाता केला, त्यांचा स्वर केवळ शिष्यांच्या आठवणींत उरला.

अल्लादियाखाँच्या शिष्या, गोमंतकातील केरी येथे जन्मलेल्या केसरबाई केरकर यांनाही यंत्राचे प्रेम नव्हते. परंतु त्यांनी काही मोजक्या तबकड्या दिल्या. त्यांनी गायिलेली साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांतून सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात गेली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात केसरबाईंचे निधन झाले.

वकिली शिकलेला ध्वनिमुद्रण अधिकारी

कलावंताच्या मनातील हा संकोच दूर करणारा माणूस कंपनीस मुंबईत लाभला, तो गोविंद नारायण जोशी यांच्या रूपाने. विदर्भात जन्मलेले जोशी वकिलीची परीक्षा उत्तीर्ण होते; पण त्यांचा पिंड गायकाचा. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी तबकडीवर गायिली आणि मराठी भावगीत घरोघर पोहोचले. गंगूबाई हनगल यांच्यासमवेतची त्यांची युगुलगीतेही रसिकांनी डोक्यावर घेतली. १९३८ मध्ये ते कंपनीच्या सेवेत ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून दाखल झाले व तीन दशके त्या पदावर राहिले.

या पदाचे काम कागदोपत्री सोपे दिसते. प्रत्यक्षात ते रुसव्याफुगव्यांचे होते. मोठ्या गवयाच्या घरी खेटे घालणे, त्याच्या मर्जीची वेळ सांभाळणे, तीन मिनिटांत बसेल अशी चीज त्याच्याकडून निवडून घेणे आणि लाल दिवा लागल्यावर त्याचा धीर सुटू न देणे, हे सारे त्यात येई. स्वतः गाणारा माणूस समोर असल्याने कलावंतांस विश्वास वाटे. ‘स्वरगंगेच्या तीरी’ या आपल्या आठवणींच्या पुस्तकात जोशी यांनी या सहवासाची कहाणी लिहून ठेवली आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत आणि पाठोपाठ दीर्घकाळ वाजणारी तबकडी, म्हणजे एल.पी., आली. एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले. जोशी यांच्या निर्मितीखाली १९६७ मध्ये निघालेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी या सोयीचे उत्तम फळ होय. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काबरा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला यांनी काश्मीरच्या एका मेंढपाळाचा दिवस प्रहराप्रहराच्या रागांतून उभा केला. संतूर आणि गिटार ही वाद्ये रागसंगीतास पेलतील काय, असा प्रश्न तेव्हा जाणकार विचारीत होते. त्याचे उत्तर या एका तबकडीने जगभर दिले.

१९६८ चा जानेवारी

पुढील वर्षी जानेवारीत इंग्लंडच्या ‘बीटल्स’ या वाद्यवृंदातील जॉर्ज हॅरिसन एका चित्रपटाचे संगीत मुद्रित करण्यासाठी फोर्टमधील या ध्वनिमुद्रणगृहात आले. पंडित रविशंकर यांचे शिष्य शंभू दास यांनी मुंबईतील वादक जमविले. त्यांत शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया हेही होते. ध्वनिमुद्रणगृहात त्या वेळी केवळ एकमार्गी मुद्रणाचे यंत्र होते. तेव्हा कंपनीचे अधिकारी भास्कर मेनन यांनी दोन मार्गांचे स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून रेल्वेने मुंबईस आणविले. सायंकाळी साडेपाचला कचेऱ्या सुटत आणि जिन्यावरून उतरणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पावलांचा आवाज आत येई. तेवढा वेळ काम थांबवावे लागे. लक्ष देऊन ऐकल्यास त्या तबकडीतील काही भागांत टॅक्सींचा आवाजही कानी पडतो, असे हॅरिसन यांनी पुढे सांगितले आहे. या मुक्कामातच ‘दि इनर लाइट’ या गीताचे वाद्यसंगीत मुद्रित झाले. त्यावर गायन लंडनला फेब्रुवारीत चढविले गेले व १५ मार्च १९६८ रोजी ते बीटल्सच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर प्रसिद्ध झाले. चिनी ग्रंथ ‘ताओ ते चिंग’वर आधारलेले इंग्रजी शब्द आणि त्यांना मुंबईच्या वादकांची साथ, असा हा संयोग होता.

खेड्यांतील तबकड्या

या उद्योगाची दुसरी बाजू शहराबाहेर आहे. चावीच्या ग्रामोफोनला वीज लागत नसे, त्यामुळे गाणे अशा गावांत पोहोचले जेथे मैफल कधी झाली नव्हती. गदग येथे दुकानातील तबकडीवर अब्दुल करीमखाँचे गाणे ऐकून बाल भीमसेन जोशी गुरूच्या शोधात घराबाहेर पडले, हे सर्वश्रुत आहे. ती तबकडी दुसऱ्या कंपनीची होती. पण परिणाम कंपनी पाहून होत नसतो.

अशा तबकड्या आजही वाड्यांच्या माळ्यांवर, शाळांच्या कपाटांत व ग्रामपंचायतींच्या वाचनालयांत आढळतात. १९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने संग्राहकांना एकत्र आणून त्यांच्या नोंदी करण्याचे काम केले. एखादी तबकडी दुर्मीळ आहे की नाही, हे मध्यभागीच्या कागदी चकतीवरील क्रमांकावरून जाणकार सांगू शकतात. म्हणून ती चकती भिजू देऊ नये. लाखेची तबकडी ठिसूळ असते. ती एकीवर एक रचल्यास वजनाने तडकते, उन्हात वाकते. ती कागदी पाकिटात घालून कपाटात पुस्तकासारखी उभी ठेवावी. धूळ मऊ कोरड्या कापडाने खाचांच्या दिशेने टिपावी. स्पिरिट मुळीच लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. गंजलेल्या किंवा एकदा वापरलेल्या पोलादी पिनेने ती वाजवू नये. शक्य असल्यास प्रथम तिची संगणकीय प्रत करून घ्यावी आणि पुढे प्रतच वाजवावी.