सागरी किनाऱ्यावरील मोटारींच्या इंजिनातील थर्मोस्टॅट हाऊसिंग : निगा व बदलण्याची पद्धती

प्रस्तावना

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस सह्याद्री यांच्यामधील या चिंचोळ्या प्रदेशात मोटारीच्या इंजिनाची दुहेरी कसोटी लागते. मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारी तालुक्यांत खारी व दमट हवा धातूला गंजवते. तर कोल्हापूर वा बेळगावकडे जाताना फोंडा, करूळ किंवा आंबोली घाटाची चढण इंजिन तापवते. गाडी घाटात तापू लागली की थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. ‘आपल्या उष्ण हवेत त्याची गरज नाही’ हे त्यामागील कारण सांगितले जाते. हा समज कितपत योग्य आहे, तसेच थर्मोस्टॅट ज्या आवरणात बसविलेला असतो त्या हाऊसिंगची निगा कशी राखावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रचना व कार्य

थर्मोस्टॅट ही तापमानानुसार उघडझाप करणारी झडप होय. तिच्यातील धातूच्या कुपीत विशिष्ट मेण भरलेले असते. ते वितळून प्रसरण पावले की दट्ट्या सरकतो व झडप उघडते. मेणावर चालणारी ही रचना १९३० च्या दशकात विकसित झाली. बहुतेक मोटारींत झडप साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सिअसदरम्यान उघडू लागते. त्यापूर्वी कूलंट इंजिनातच फिरते. त्यानंतर ते रेडिएटरकडे जाते.

हाऊसिंग हे या झडपेचे घर असून तेथेच रेडिएटरची रबरी नळी जोडलेली असते. पूर्वी ते बिडाचे वा अॅल्युमिनियमचे असे. अलीकडील अनेक गाड्यांत ते प्लॅस्टिकचे असते. ते गळू लागल्यास कूलंट कमी होते व प्रणालीतील दाबही टिकत नाही. दाबाचे महत्त्व घाटात विशेष जाणवते. समुद्रसपाटीवर पाणी १०० अंशांना उकळते. रेडिएटरच्या झाकणामुळे सुमारे एक बार जादा दाब राहिल्यास हा बिंदू १२० अंशांच्या आसपास जातो. याउलट सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीत उघडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. म्हणजेच इंजिनावर सर्वाधिक भार असताना गळके हाऊसिंग गाडीचे संरक्षण काढून घेते. परिणामी सिलिंडर हेड वाकणे वा हेड गॅस्केट जळणे असे खर्चिक नुकसान संभवते.

थर्मोस्टॅट काढल्यास काय होते?

थर्मोस्टॅट नसलेले इंजिन योग्य तापमानास उशिरा पोहोचते. इंधन-फवारणी असलेल्या गाड्यांत इंजिन थंड असल्याचा संकेत मिळाल्याने जादा इंधन सोडले जाते. इंधनखर्च, झीज व धूर वाढतात. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आतील उपमार्ग बंद करतो. तो काढल्यास उपमार्ग उघडाच राहून गरम कूलंटचा काही भाग रेडिएटर टाळून परत फिरतो. अशा गाडीत हा उपाय घाटात उलटाच ठरतो.

किनारी परिस्थितीचा परिणाम

बाहेरून खारी हवा व आतून अयोग्य पाणी असा हाऊसिंगवर दुहेरी हल्ला होतो. पोलादी बोल्ट व अॅल्युमिनियम यांच्या सांध्यात खारट ओल शिरली की विद्युत-रासायनिक क्षरण सुरू होते, पांढरी पूड साचते आणि बोल्ट जाम होतात. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या काही विहिरींचे पाणी मचूळ होते. तेच रेडिएटरमध्ये ओतल्यास त्यातील क्लोराइडमुळे अॅल्युमिनियमवर खड्डे पडतात, सांध्याची बैठक खराब होते व नव्या गॅस्केटनेही गळती थांबत नाही. म्हणून उत्पादकाने सांगितलेले कूलंट आणि शुद्धीकृत पाणी यांचे मिश्रणच वापरावे. साध्या पाण्यात गंजरोधक द्रव्ये नसतात.

तपासणी व बदलण्याची पद्धती

सांध्याभोवती पांढरे वा रंगीत डाग, कूलंटची पातळी वारंवार घटणे आणि गोडसर वास ही गळतीची लक्षणे होत. इंजिन तापूनही रेडिएटरकडील नळी थंड राहिल्यास झडप बंद अवस्थेत अडकली असण्याची शक्यता असते. काटा दीर्घकाळ वर न चढल्यास ती उघडी राहिली असावी.

काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच करावे. गरम असताना झाकण उघडल्यास भाजण्याचा धोका असतो. प्रथम कूलंट भांड्यात काढून घ्यावे. जाम बोल्टवर जोर न लावता गंज सैल करणारे तेल सोडून थांबावे व पाना थोडा पुढेमागे हलवावा. बोल्ट तुटल्यास दुरुस्ती अवघड होते. जुना गॅस्केट खरवडताना बैठकीवर ओरखडे पडू देऊ नयेत. सरळ पट्टी ठेवून पृष्ठभाग सपाट आहे का ते पाहावे. खड्डे वा तडे असल्यास हाऊसिंगच बदलावे.

थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात तापमापकासह तापवून पाहता येतो. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला पाहिजे. बसविताना मेणाची कुपी सामान्यतः इंजिनाकडे व हवा सोडणारे छिद्र वरच्या बाजूस ठेवावे. गॅस्केट वा रबरी कडी नवीच घ्यावी. बोल्ट आळीपाळीने, माहितीपुस्तिकेत दिलेल्या मर्यादेतच आवळावेत. प्लॅस्टिकचे हाऊसिंग जास्त आवळल्याने तडकते. शेवटी कूलंट भरून, हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवून, इंजिन चालवून प्रणालीतील हवा काढावी आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा पाहावी.

काढलेले कूलंट गटारात, परसात वा विहिरीजवळ ओतू नये. त्यातील एथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोडसर असल्याने कुत्र्यामांजरांना व लहान मुलांना त्याचा धोका असतो. ज्या प्रदेशात घरोघरी विहिरीचे पाणी पितात, तेथे ही दक्षता अनिवार्य आहे.

निष्कर्ष

उष्ण हवामान हे थर्मोस्टॅट काढून टाकण्याचे कारण ठरू शकत नाही. किनारी प्रदेशात खरा प्रश्न उष्णतेइतकाच क्षरणाचा आहे. योग्य कूलंट, पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर सांध्यांची पाहणी आणि खराब हाऊसिंगचा वेळीच बदल या तीन गोष्टी पाळल्यास इंजिनाचे मोठे नुकसान टाळता येते. घाट चढण्याची तयारी किनाऱ्यावरच व्हावयास हवी.