क्रियापदांच्या करामती – ७ : ‘वेंट’ आलं कुठून?

सेंड-सेंट, बेंड-बेंट, लेंड-लेंट. याच रांगेत एके काळी आणखी एक जोडी उभी होती : वेंड-वेंट. ‘वेंड’चा जुना अर्थ वळणं, पुढे वाट धरणं. ‘गो’चं भूतकाळी रूप तेव्हा वेगळंच होतं. जुन्या इंग्रजीत ते ‘एओडे’ असं काहीसं उच्चारलं जाई. हे रूप हळूहळू मागे पडलं आणि १५व्या शतकापर्यंत दक्षिण इंग्लंडात ‘वेंट’नं त्याची जागा बळकावली. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ‘गो’पासूनच घडलेलं ‘गेड’ टिकलं. बिचाऱ्या ‘वेंड’ला भूतकाळासाठी पुढे ‘वेंडेड’वर भागवावं लागलं!

मराठी माणसानं यावर नाक मुरडू नये. ‘जाणे’चा भूतकाळ ‘जाला’ होत नाही, ‘गेला’ होतो. ‘जा’ हा संस्कृतातल्या ‘या’ धातूकडून आलेला, तर ‘गेला’ हा ‘गम्’च्या ‘गत’ या रूपातून. दोन घरांचा हा संसार आपण बिनतक्रार चालवतो. हिंदीतही ‘जाना’चं ‘गया’च होतं. स्पॅनिशनं तर कमाल केली आहे : तिथे ‘फुई’ म्हणजे ‘मी होतो’ आणि ‘मी गेलो’सुद्धा.

असो. ‘गो, वेंट, गॉन’ पाठ सगळ्यांचंच असतं. घोटाळा होतो तो वापरताना. ‘डिड यू वेंट टू द मार्केट?’ हे वाक्य शिकवणीच्या वर्गात हमखास ऐकू येतं. ‘डिड’नं भूतकाळ आधीच अंगावर घेतलेला असतो, मग मुख्य क्रियापद मूळ रूपातच राहतं : ‘डिड यू गो?’ नकारातही तेच, ‘आय डिडन्ट गो’. ‘वेंट’ला मदतनीस खपतच नाही. ‘डिड’ नको, ‘हॅव’ही नको. साधं होकारार्थी वाक्य असेल तरच ते येतं : ‘आय वेंट टू नाशिक येस्टरडे.’

‘हॅव’ किंवा ‘हॅज’ आलं की ‘गॉन’, इथपर्यंत ठीक. खरी मेख पुढे आहे. हेडक्लार्क जागेवर नाहीत, कुणी विचारलं तर ‘ही हॅज गॉन टू द बँक’, म्हणजे गेलेत, अजून परतलेले नाहीत. तेच साहेब खुर्चीत चहा पीत बसले असतील, तर ‘ही हॅज बीन टू द बँक’. व्याकरणाची पुस्तकं या फरकावर पानं खर्ची घालतात. मराठी माणसाला दोन शब्द पुरेत : ‘गेलेत’ आणि ‘जाऊन आलेत’. ‘मी काशीला जाऊन आलो आहे’ असं म्हणायचं असताना ‘आय हॅव गॉन टू काशी’ म्हटलं, तर ऐकणाऱ्याला प्रश्न पडेल, मग हा इथे काय करतोय?

‘टू’चंही एक सांगायला हवं. ‘गो टू स्कूल’, ‘गो टू पुणे’. पण ‘गो होम’, ‘गो देअर’, ‘गो अब्रॉड’. ‘घरी’, ‘तिथे’, ‘परदेशी’ या अर्थांत दिशा आतच मुरलेली असते, वरून ‘टू’ लागत नाही. ‘शॉपिंग’, ‘स्विमिंग’ यांनाही नाही : ‘वी वेंट शॉपिंग.’

आणि लाईट गेली तर? ‘द लाइट वेंट’ एवढ्यावर थांबू नये. ‘द पॉवर वेंट आउट’ म्हणावं. दूध गेलं, म्हणजे नासलं, तर ब्रिटिश माणूस म्हणेल, ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ.’

पुढच्या आठवड्यात ‘कम’. स्वयंपाकघरातून हाक आली की आपण ‘आलो, आलो!’ म्हणतो आणि जागचे हलत नाही. त्याचं इंग्रजी ‘आय केम’ का होत नाही, ते तेव्हा पाहू.