पिस्टनला तडा गेला तर

पैनगंगेच्या काठी एका गावात आम्ही गेलो असता अंगणात पोत्यावर इंजिनाचे सुटे भाग मांडलेले दिसले. इंजिन पाच हॉर्सपॉवरचे, डिझेलचे. हरभरा फुलावर आलेला, पाणी नदीवरून उचलायचे, आणि मिस्त्री हातात पिस्टन घेऊन गप्प बसलेला. इंजिन ऑईल फार खाते, निळा धूर टाकते म्हणून रिंगा बदलण्यासाठी उघडले होते. संध्याकाळपर्यंत पाणी सुरू, असा बेत होता. पण काजळी काढल्यावर पिस्टनच्या माथ्यावर केसासारखी एक रेघ निघाली, आणि खाली पिन बसते त्या भोकाजवळ दुसरी.

“काका, हाच परत बसवून देऊ का? हंगामापुरता चालेल,” मिस्त्री म्हणाला. काकांनी आमच्याकडे पाहिले. २०१८ मध्ये तेलंगणात शेतीला चोवीस तास वीज देणे सुरू झाले, मग इंजिन कशाला, असे कोणी विचारील. पण नदीकाठच्या तुकड्यापर्यंत तार गेलेली नसते, आणि ट्रॅक्टरच्या पोटातही पिस्टनच असतात. तेव्हा हा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

वाचकहो, त्या डब्याएवढ्या वस्तूवर भार किती येतो ते आधी पाहू. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर धरला तर पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर होते. डिझेल पेटले की दर चौरस सेंटिमीटरवर साठेक किलो दाब येतो. म्हणजे एका ठोक्याला तीन टन, आपल्या भाषेत कापसाचे तीस क्विंटल! मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या इंजिनात असे ठोके मिनिटाला ७५० आणि तासाला ४५ हजार बसतात. एवढ्या माऱ्याखाली केसाएवढी भेग केसाएवढी राहत नाही. एके दिवशी माथा तुटतो, कनेक्टिंग रॉड मोकळा होऊन फिरतो आणि ब्लॉकची कूस फोडून बाहेर येतो. मग पिस्टन नव्हे, अख्खे इंजिनच घ्यावे लागते.

म्हणून आम्ही काकांना सांगितले की हा पिस्टन परत घालू नका. वेल्डिंगचेही नाव काढू नका. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो, त्याला कारखान्यात ताव देऊन बळकटी आणलेली असते. वेल्डिंगच्या आचेने ती जाते आणि जोड पुन्हा उकलतो. काही मोठ्या इंजिनांत माथ्यावरच्या बारीक रेघांना किती चालवून घ्यावे याची मर्यादा बनवणारे पुस्तकात देतात. आपल्या लहान इंजिनाला ती सवलत लावू नये.

रेघ ही भेग आहे की नुसता ओरखडा, हे घरीही पाहता येते. पिस्टन धुऊन वाळवावा, थोडा वेळ रॉकेलमध्ये ठेवावा, फडक्याने कोरडा पुसावा आणि त्यावर खडूची पूड चोळावी. भेगेत शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर झिरपते आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. ओरखडा असेल तर काही उमटत नाही. चूल आणि विडी मात्र लांब ठेवावी.

खरे काम यापुढेच आहे. नवा पिस्टन आणून बसवला आणि जुने कारण तसेच राहिले, तर तोही फुटणार. भेग कोठे आहे यावरून कारणाचा माग लागतो. माथ्यावर असेल तर उष्णता जास्त झाली: नोझल फवारा मारण्याऐवजी गळते आहे, डिझेल वेळेच्या आधी पडते आहे, किंवा पाणी नीट फिरत नाही. पिनेजवळ असेल तर अति भार, किंवा कधीतरी पिस्टन आवळला गेला असेल. कधी कधी पिन हातोड्याने ठोकून बसवली तेव्हाच भेग पडलेली असते. (पिस्टन गरम पाण्यात किंवा तेलात तापवला की पिन हाताने सरकते.) कडेला खाली असेल तर लायनर झिजून पिस्टन आपटत असतो. रिंगांच्या खाचा तुटल्या असतील तर झिजलेल्या लायनरच्या वरच्या काठाला राहिलेली कड तपासावी, नवी रिंग तिच्यावर आदळते.

आमच्याकडची आणखी एक खोड म्हणजे इंजिन तापले की त्यावर गार पाणी ओतणे. त्याने हेड आणि ब्लॉक तडकतात, लायनर आकसून आतला गरम पिस्टन धरला जातो. इंजिन बंद करून आपोआप निवू द्यावे. पाण्याच्या वाटेत क्षार साचले असतील तर तेही काढावेत.

नोझल तपासताना एक जपावे. काही जण ते बाहेर काढून फवारा तळहातावर घेऊन पाहतात. तेथे दाब सुमारे २०० किलोचा असतो, डिझेल कातडी भेदून आत जाते. वर टाचणीएवढे भोक दिसते, सुरुवातीला फारसे दुखतही नाही. आत मात्र मांस सडत जाते आणि बोट कापण्याची पाळी येते. हळद लावून बसू नये. ताबडतोब, रात्र असली तरी, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे आणि डॉक्टरांना “दाबाने डिझेल शिरले” असे स्पष्ट सांगावे. तसेच इंजिन विहिरीत उतरवून चालवू नये. त्याचा विषारी धूर खाली साचतो, आणि बेशुद्ध पडलेल्याला काढायला उतरलेला दुसराही तेथेच राहतो.

काकांच्या इंजिनात नोझल गळत होते, आणि पंपाला पट्ट्याची लहान चाकी लावून भारही वाढवलेला होता. चाकी पूर्वी होती तशी बसवली. पिस्टन, लायनर, पिन आणि रिंगा असा पूर्ण संच आदिलाबादहून आणला. लायनर ठेवून नुसता पिस्टन घ्यावा, असे काकूंचे म्हणणे होते, पण लायनर वरच्या बाजूला बराच झिजलेला निघाला. पहिले काही तास इंजिन अर्ध्या भारावर चालवून ऑईल बदलले. तोवर शेजाऱ्यांनी एक रात्र आपले इंजिन दिले, त्यावर निम्मा हरभरा भिजला. उरलेल्याला पाणी चौथ्या दिवशी मिळाले. बांधाकडच्या तीन ओळींची फुले तेवढी गळली.