स्टिअरिंग जड झालं? आधी आकडे बघा

पार्किंगमधून गाडी काढताना स्टिअरिंग एकदम जड होतं, डॅशबोर्डवर दिवा लागतो. गाडी बंद करून पुन्हा चालू केली की दिवाही गेला आणि जडपणाही. अशी गाडी गॅरेजला नेली की ती तिथे हटकून शहाण्यासारखी वागते!

हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या काळात मेकॅनिक ऑइल, पंपाचा पट्टा आणि गळती बघायचा. सुझुकीने १९८८ मध्ये जपानात 'सर्व्हो' या छोट्या गाडीत विजेवरचं पॉवर स्टिअरिंग आणलं. आज बहुतेक छोट्या गाड्यांत पंपाऐवजी मोटर असते. चाक फिरवलं की आतला टॉर्शन बार किंचित पिळला जातो, टॉर्क सेन्सर तो पीळ मोजतो आणि गाडीचा वेग बघून कंट्रोल युनिट मोटरला करंट देतं. यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही, म्हणून स्कॅनर.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतो. स्टिअरिंगसाठी त्या कंपनीच्या गाड्यांना चालणारं सॉफ्टवेअर लागतं. समजा, कोड आला यू०१३१, म्हणजे स्टिअरिंगच्या युनिटशी संपर्क तुटला. एवढ्यावर महागडा कॉलम बदलायला सांगणारे कमी नाहीत. पण फ्यूज उडाला किंवा वायर तुटली, तरी कोड हाच येतो.

खरी गंमत लाइव्ह डेटात आहे. इंजिन चालू ठेवून उभ्या गाडीत चाक टोकापर्यंत फिरवलं की मोटर कित्येक अँपिअर ओढते. त्या क्षणी बॅटरीच्या टर्मिनलवर मल्टिमीटर १४ व्होल्ट दाखवतो आणि स्कॅनरवर युनिटचा आकडा १०.५ वर घसरतो, तर मधले साडेतीन व्होल्ट वाटेत गळतायत. गंजलेला अर्थिंगचा बोल्ट घासून काम भागू शकतं. दोन्ही आकडे पडले, तर बॅटरी किंवा अल्टरनेटर तपासायचा.

गाडी एका बाजूला ओढते? टायरची हवा आणि अलाइनमेंट ठीक असेल, तर हात सोडून टॉर्कचा आकडा बघावा. तो शून्याच्या आसपास हवा. नसेल, तर मोटरच चाक ढकलत असते.

अरुंद जागेत पुन्हापुन्हा चाक फिरवल्यावर जडपणा आला, तर मोटरचं तापमान बघावं. तापलेली मोटर वाचवायला युनिट मुद्दामच मदत कमी करतं.

टॉर्क भरपूर, करंट भरपूर, व्होल्टेजही ठीक आणि तरी चाक जडच? मग स्कॅनर बाजूला ठेवून पुढची चाकं जॅकवर उचलायची. तरीही जड फिरलं, तर दोष जॉइंटमध्ये किंवा रॅकमध्ये शोधायचा.