हट्टीची सोन्याची खाण : 'शोध' या शब्दाचा एक धडा

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत एखाद्या खाणीविषयी माहिती देताना 'अमुक साली अमुक कंपनीने सोन्याचा शोध लावला' असे वाक्य हमखास आढळते. विद्यार्थी ते पाठ करतात आणि परीक्षेत एका गुणासाठी लिहितात. परंतु हे वाक्य दख्खनमधील सोन्याच्या खाणींना लागू पडते काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. प्रस्तुत लेखात पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील हट्टी येथील सुवर्णक्षेत्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

प्रदेश आणि भूरचना

हट्टी हे गाव कर्नाटकातील रायचूर जिल्ह्यात, लिंगसुगूर परिसरात आहे. कृष्णा आणि तुंगभद्रा या दोन नद्यांमधील हा भाग 'रायचूर दोआब' म्हणून ओळखला जातो. दोन्ही बाजूंना मोठ्या नद्या असूनही हा प्रदेश अवर्षणप्रवण आहे. वर्षाकाठी सरासरी साठ-पासष्ट सेंटीमीटर पाऊस, उघडे माळ, खडकाळ टेकड्या आणि उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असे त्याचे स्वरूप आहे. मराठी वाचकांना हा प्रदेश अगदीच परका नाही. 1956 पर्यंत रायचूर आणि मराठवाडा एकाच हैदराबाद राज्याचे भाग होते.

भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने हा भाग धारवाड श्रेणीच्या अतिप्राचीन खडकांचा आहे. या खडकांचे वय अडीच अब्ज वर्षांहून अधिक मानले जाते. त्यांतील भेगांमधून खनिजयुक्त उष्ण द्रव वर आले आणि गारगोटीच्या, म्हणजे क्वार्ट्झच्या, शिरा तयार झाल्या. सोने याच शिरांमध्ये व त्यांच्या लगतच्या खडकांत सूक्ष्म कणांच्या रूपात आहे. अलीकडच्या काळात येथील एक टन खडक दळल्यावर साधारणपणे तीन-चार ग्रॅम सोने मिळते. ते बहुधा डोळ्यांना दिसतही नाही. मग ते प्रथम कोणाला सापडले?

प्राचीन खाणकाम

आधुनिक अभियंते हट्टीला पोहोचले तेव्हा त्यांना जमीन कोरी आढळली नाही. शिरांच्या रेषेत जुने खड्डे आणि खोल चर होते. पुढे खोदकाम वाढले तसे लक्षात आले की काही प्राचीन खाणी सहाशे फुटांपेक्षा अधिक खोल गेलेल्या आहेत. जुन्या खाणीत सापडलेल्या लाकडाच्या कार्बन कालमापनातून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा काळ निघतो.

त्या काळी सुरुंगाची दारू नव्हती. खडकाला लागून लाकडांचा जाळ करायचा, तापलेल्या खडकावर पाणी टाकायचे आणि तडकलेला भाग दगडी हातोड्यांनी व लोखंडी छिन्न्यांनी काढायचा, अशी पद्धत होती. बाहेर आणलेला दगड मोठ्या शिळांवर कुटून, दळून, पाण्याने धुतला जाई. पुराविद रेमंड ऑलचिन यांनी 1962 मध्ये प्राचीन भारतातील सुवर्णखाणकामावर लिहिलेल्या निबंधात या पद्धतींचा सविस्तर विचार केला आहे. त्यापूर्वी निजाम सरकारच्या सेवेतील लिओनार्ड मन यांनी या भागातील जुन्या खाणींची पाहणी केली होती.

सहाशे फूट खोलीवर जाळ करायचा म्हणजे धुराचा आणि हवेचा प्रश्न आला. शिवाय खाली साचणारे पाणी उपसणे आले, लाकडाचा अखंड पुरवठा आला. हे काम एकट्यादुकट्याचे नव्हे. त्यामागे संघटित श्रम आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान होते. मात्र त्या कामगारांपैकी एकाचेही नाव इतिहासाला ठाऊक नाही.

सोन्याचा शोध आणि अशोकाचे नाव

या क्षेत्राशी निगडित सर्वांत प्रसिद्ध घटना सोन्याविषयी नाहीच. 1915 मध्ये बीडन नावाचे एक अभियंता निजाम सरकारसाठी मस्की परिसरात सोन्याची चाचपणी करत होते. तेथील एका टेकडीवरील शिळेवर त्यांना ब्राह्मी लिपीतील लेख दिसला. एच. कृष्णशास्त्री यांनी तो वाचून त्याच वर्षी हैदराबादच्या पुरातत्त्व मालिकेत प्रसिद्ध केला. जेम्स प्रिन्सेप यांनी 1837 मध्ये ब्राह्मी लिपी उलगडली होती. तरी तोपर्यंत माहीत असलेल्या आदेशलेखांत राजाचा उल्लेख 'देवानंपिय' आणि 'पियदसि' अशा उपाधींनीच होता. हा राजा म्हणजे अशोक, हे सिंहली ग्रंथांच्या आधारे मानले जात होते. मस्कीच्या लेखात मात्र 'अशोक' हे नाव प्रत्यक्ष कोरलेले होते.

मध्य प्रदेशातील अध्यापकांसाठी येथे दोन दुवे महत्त्वाचे आहेत. दतिया जिल्ह्यातील गुजर्रा येथे नंतर सापडलेल्या लेखातही अशोकाचे नाव आहे. दुसरे म्हणजे, मौर्य साम्राज्यात राजपुत्र जेथून कारभार पाहत त्या केंद्रांत इंदूरच्या शेजारची उज्जयिनी होती, तसेच दक्षिणेत 'सुवर्णगिरी' नावाचे ठिकाण होते. सुवर्णगिरी नेमकी कोठे, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. मस्की, कनकगिरी, जोन्नगिरी अशी नावे सुचवली गेली आहेत. ती सर्व याच सुवर्णपट्ट्याच्या परिसरातील आहेत.

कंपनीचा काळ

1871 मध्ये मुंबई-मद्रास रेल्वेमार्ग रायचूरला जोडला गेला आणि या दुर्गम भागात अवजड यंत्रे आणणे शक्य झाले. 1886 मध्ये लंडनमध्ये हैदराबाद (डेक्कन) कंपनी स्थापन झाली. तिला संस्थानातील खनिजांचे हक्क दीर्घ मुदतीने देण्यात आले. मुख्य आकर्षण सिंगरेणीच्या कोळशाचे होते, तरी सोन्याचे हक्कही त्यात होते. या व्यवहारात निजाम सरकारचे अधिकारी अब्दुल हक यांनी स्वतःचा मोठा लाभ करून घेतल्याचे उघड झाले. 1888 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने त्याची चौकशी केली आणि अब्दुल हक यांना पदावरून दूर करण्यात आले. जमिनीखालची संपत्ती कोणाच्या नावावर आणि कोणाच्या अटींवर दिली जाते, हा प्रश्न आजही शिळा झालेला नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत हट्टीची खाण यंत्रांच्या साहाय्याने तीन हजार फुटांपेक्षा खोल नेण्यात आली. 1887 मध्ये निघालेल्या सायनाइड पद्धतीमुळे दळलेल्या खडकातून सूक्ष्म सोने विरघळवून काढणे शक्य झाले होते. तरीही 1920 च्या सुमारास काम थांबले. खोली वाढली की दगड वर आणण्याचा, पाणी उपसण्याचा आणि हवा पुरवण्याचा खर्च वाढतो. सोने खडकात शिल्लक असते, पण ते काढणे परवडत नाही. प्राचीन खाणी बंद पडण्यामागेही असेच काही कारण असावे.

पाण्याचा प्रश्न किती निर्णायक असतो हे पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागातील कूलगार्डी आणि कालगुर्ली येथे दिसते. तेथे 1892-93 मध्ये सोने सापडले. सुरुवातीच्या काळात पाणी व रसद पोहोचवण्यात बलुचिस्तान, सिंध, पंजाब आणि अफगाणिस्तानातून आलेल्या, मुख्यतः मुस्लिम, उंटवाल्यांचा मोठा वाटा होता. 1903 मध्ये पाचशे किलोमीटरहून अधिक लांबीची जलवाहिनी पूर्ण झाल्यावर ते क्षेत्र स्थिरावले. तेथील इतिहासातही सोने शोधणारा पॅडी हॅनन सर्वांना माहीत आहे, उंटवाले मात्र बराच काळ तळटीपेतच राहिले.

संस्थानाकडून राज्याकडे

1947 मध्ये हैदराबाद गोल्ड माइन्स कंपनी स्थापन होऊन हट्टीचे काम पुन्हा सुरू झाले. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आणि रायचूर म्हैसूर राज्यात गेले. खाणही म्हैसूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकाकडे आली आणि कंपनी 'हट्टी गोल्ड माइन्स' या नावाने ओळखली जाऊ लागली. 28 फेब्रुवारी 2001 रोजी कोलारच्या खाणी बंद झाल्यानंतर देशात खडकातून सोने काढणारी प्रमुख खाण म्हणून हट्टीचेच नाव घेतले जाऊ लागले. तिचे वार्षिक उत्पादन दीड टनाच्या आसपास असते. देशाची सोन्याची वार्षिक मागणी मात्र शेकडो टनांची आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने

कोलारचा इतिहासही असाच आहे. 1802 मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरन तेथे गेले तेव्हा स्थानिक लोक माती धुऊन सोने काढतच होते. म्हणजे दख्खनमध्ये आधुनिक काळात जे घडले तो सोन्याचा पहिला शोध नव्हे; जुन्या खुणांवरून केलेला पुनःशोध होता.

भाषेच्या अध्यापकांनाही येथे काम आहे. मराठीत 'खाण', उर्दूत फारसीतून आलेला 'कान' आणि अरबीतून आलेला 'मादन' असे शब्द आहेत. हैदराबाद संस्थानात उर्दू ही राजभाषा होती आणि 1918 च्या उस्मानिया विद्यापीठासाठी विज्ञानाची परिभाषा उर्दूत घडवली गेली. एकाच राज्यात खाणीची कागदपत्रे उर्दू-इंग्रजीत, खाणीच्या आसपासची बोली कन्नड आणि शेजारच्या जिल्ह्यांत मराठी, असा तो बहुभाषिक इतिहास आहे. एका भाषेतील साधनांवर विसंबले तर त्याचा एकच भाग हाती लागतो.

म्हणून वर्गात 'सोन्याचा शोध कोणी लावला?' या प्रश्नाला जोडून आणखी तीन प्रश्न विचारावेत : तेथे आधी कोण खोदत होते? हक्क कोणाला मिळाले? आणि काम का थांबले? या तीन प्रश्नांची उत्तरे शोधताना विद्यार्थ्याला भूगर्भशास्त्र, अर्थव्यवहार आणि कामगारांचे जीवन यांना एकत्र भिडावे लागते. हट्टीसारखे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे, आणि आपापल्या परिसरातील कोळसा, मँगनीज किंवा तांब्याच्या खाणीबाबतही हेच प्रश्न लावून पाहता येतील.